नऊ केळी आणि आठ शाली

जळगाव,
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. झुंबर आत्या यांस,

ज्योत्स्नाचा नमस्कार. इकडे आम्ही तिघंही चालतेफिरते आहोत आणि घराचं छतही अजून जागेवर आहे. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय ते कळवा. तुम्ही पाठवलेला तिळगूळ मिळाला. त्यातला निम्मा आईने शेजारी वाटला. शेजाऱ्यांना तो देण्याची गरज का पडली, ते पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र का लिहिते, असं तुम्ही विचाराल. कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर बसता. मागच्या वेळी माझी तक्रार पूर्ण होण्याआधीच ती धुळ्याहून फिरून जळगावात नानांपर्यंत पोहोचली होती आणि ते गच्चीवरून मला विचारत होते की मी अक्काला, म्हणजे तुम्हाला, काय सांगितलं. (तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "तुना बाप पहिलेपासूनच याडा शे, माले बठ्ठं माहीत शे." हे वाक्य तेवढं नानांपर्यंत पोहोचलं नाही. बाकी सगळं कळलं.) म्हणून हे पत्र एकटीनेच वाचावं, आणि वाचून झाल्यावर तुमच्या भावाला जे सांगायचं ते तुमच्या आवाजात सांगावं. या घरात तो एकच आवाज चालतो.

दोघंही एकाच वर्षी निवृत्त झाले, हे मूळ दुखणं. एक आधी आणि एक नंतर झालं असतं तर एकाला दुसऱ्याने आवरलं असतं. नाना तीस वर्षं बँकेच्या कामासाठी लोकांच्या केळीच्या बागा बघत हिंडले आणि आई तितकीच वर्षं लोकांची मुलं शिस्तीत बसवत आली. आता बाग नाही आणि मुलंही नाहीत, त्यामुळे दोघांचा रोख घराकडे वळला आहे. सुरुवात न्हाणीघरापासून झाली. जुन्या फरशा चांगल्या होत्या. पण आईला त्यांचा रंग उदास वाटू लागला. (अडतीस वर्षं वाटला नव्हता.) नव्या फरशांचा उतार बरोबर आहे का हे बघायला मी माझं लेव्हलचं यंत्र काढून दिलं होतं. ते सेलवर चालतं म्हणून आईचा त्यावर विश्वास बसला नाही. तिने लिंबू सोडून उतार तपासला. लिंबू ज्या कोपऱ्यात गेलं तो कोपरा तिने मान्य केला. तो कोपरा दाराचा होता. आता आंघोळीचं पाणी आधी हॉलमध्ये येतं, मग मोरीचा विचार करतं. यावर नानांचं म्हणणं असं की हॉलची फरशी आपोआप पुसली जाते.

हे मी सहन केलं. न्हाणीघर पडून कोणी मरत नाही. माझा संताप गच्चीबद्दल आहे.

मृग लागला तेव्हा मी तुमच्याकडेच होते, धुळ्याच्या त्या शाळेची पाण्याची टाकी तपासायला आले होते आणि तुमच्या हातची कळण्याची भाकरी खात होते. त्या आठवड्यात नानांनी तुम्हाला फोन करून पोरगी अजून किती दिवस राहणार, असं विचारलं होतं. तुम्हाला ती माया वाटली. मलाही वाटली. मी परत आले तेव्हा गच्चीवर विटांचे वाफे बांधून झाले होते, रावेरहून रुपचंद काकांनी ट्रॉलीभर काळी माती पाठवली होती, ती वर चढवून, भिजवून, तीत केळीची नऊ रोपं लावून, त्यांना ठिबकच्या नळ्याही जोडून झाल्या होत्या. मला फोनवर "दोन-चार कुंड्या" असं सांगण्यात आलं होतं. माझ्या कार्यालयातले इंजिनिअर अशा घरांचे फोटो काढून एकमेकांना दाखवतात. त्यातलं एक घर माझं आहे हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तुम्हाला हिशेब नको असेल, तरी एवढा ऐका. आपला स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने बांधलेला आहे, म्हणजे पापड वाळवा, गाद्या टाका, पाहुणे बसवा. ओली काळी माती हात-दीड हात भरली तर तेवढ्याच जागेत हजार किलोच्या आसपास जाते. आणि यातले बहुतेक वाफे त्यांनी बीमवर नव्हे, दोन बीमच्या बरोबर मध्ये घातले, कारण तिथे ऊन चांगलं येतं. हे मी कागदावर काढून दाखवलं. नाना म्हणाले, "पोरी, तुले सळया समजतात, केळ नाही समजत." आई म्हणाली की कानबाईच्या सणात रोटांच्या जेवणाला याच गच्चीवर साठ माणसं जेवली होती, तेव्हा काही झालं नाही. मी म्हटलं, माणसं जेवून घरी जातात, माती जात नाही. यावर आईने मला उलट बोलते म्हणून गप्प केलं.

त्याच जागेखाली जेवणाचं टेबल आहे, आत्या. मी डब्यात दोन पोळ्या घेऊन कामावर जाते. ते दोघं मात्र रोज दोन वेळा त्याखाली बसतात. गणपतीच्या सुमारास छताला केसासारखी चीर दिसली. चीर वाढते का हे कळावं म्हणून मी तिच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवली. चीर वाढली तर काच तडकते, साधी पद्धत आहे. संध्याकाळी घरी आले तर काच नव्हती. पाहुण्यांना बरं दिसत नाही म्हणून आईने ती काढली होती आणि त्या जागी झेंडूचं तोरण लटकवलं होतं. आता चीर वाढली की नाही हे फक्त झेंडूला माहीत.

शेवटी दिवाळीनंतर केळी काढायच्या असं ठरलं. आईने तसं मान्य केलं, नानांनी मान हलवली. पण दिवाळी झाल्यावर मी जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा घरात काहीतरी मोडलं. आधी स्वयंपाकघराच्या ओट्याचा नळ निखळला. मग मागच्या दाराची कडी अडकली आणि नाना तासभर अंगणात बसून राहिले. (कडी आतून लागते. ते बाहेर होते. ती लावली कोणी, हे मी विचारलं नाही.) मग न्हाणीघराच्या त्या लिंबाच्या कोपऱ्याचा उतार पुन्हा करून द्यायला त्यांनी मलाच बसवलं. तुम्हाला हे लगेच कळलं असतं, मला कळायला थंडी उजाडली: ते दिवस काढत होते. केळी वाढत होत्या.

थंडीबद्दल तुम्हाला सांगायला नको. यंदा नशिराबादपासून रावेरपर्यंत लोक केळीला चरका बसतो म्हणून धास्तावले होते. नानाही धास्तावले. बँकेतून निवृत्त होताना त्यांना निरनिराळ्या शाखांनी आणि संघटनांनी मिळून आठ शाली पांघरल्या होत्या. त्या आठही शाली त्यांनी आठ केळींना पांघरल्या. आता आमच्या गच्चीवर सत्कार चालू असल्यासारखं दिसतं. नववीला शाल उरली नाही. ती कठड्याजवळ तशीच कुडकुडत उभी असते.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नानांना आठवलं की थंडीत आजोबा बागेच्या कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचे. आजोबांची बाग रावेरला होती, चहूकडे शेत होतं. आमच्या चहूकडे कॉलनी आहे. एका पहाटे नानांनी गच्चीवर घमेल्यात ओला पाला पेटवला, वारा पडलेला होता, धूर वर न जाता खाली उतरला आणि शेजारच्या हितेंद्रभाऊंच्या खिडकीतून आत गेला. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला. त्यात त्यांची चूक नाही. मीही केला असता.

गाडी आली, नळी वर आली, जवान वर आले. आई नळीच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, पाणी मारायचं नाही, थंडीत मुळं गारठतील. त्याच वेळी मी जिन्यातून ओरडत आले, पाणी मारायचं नाही, माती भिजली तर स्लॅब जाईल. नाना ओरडत होते, पाणी मारायचं नाही, माह्या शाली ओल्या होतील. या घरात पहिल्यांदाच आम्हा तिघांचं एकमत झालं आणि ते सगळ्या कॉलनीने ऐकलं. आता मी या बागेत सामील नाही हे कोणाला पटवून देता येत नाही. त्यांच्यातला मोठा जवान नळी खाली ठेवून म्हणाला, "काकू, आम्ही आग विझवाले आलो, बाग भिजवाले नाही." मग त्याने घमेल्यावर पाय दिला, शाली बघितल्या, नानांना कोणत्या शाखेत होतात असं विचारलं आणि चहा घेऊन गेला. हितेंद्रभाऊंच्या बैठकीतल्या नव्या पडद्यांना अजून वास येतो. तुमचा तिळगूळ तिथे गेला.

त्यानंतर मी नानांना सांगितलं की येत्या रविवारी माणसं बोलवून केळी काढते, आता चर्चा नाही. शुक्रवारी सकाळी नानांनी मला हाताला धरून वर नेलं आणि मधल्या केळीकडे बोट दाखवलं. ती निसवली होती. तांबडं केळफूल बाहेर पडून खाली वाकलं होतं. आईने तोवर तिला हळदकुंकूही लावलं होतं.

आता तुम्हीच सांगा. निसवलेली केळ आपल्या घरात कापत नाहीत, आणि बागेत पहिली निसवलेली केळ बहिणीच्या नावाची असते, तिचा घड बहिणीच्या घरी जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आजोबा तसंच करायचे. नानांना स्वतःची बाग कधी मिळालीच नाही, त्यामुळे तुम्हाला त्यांच्याकडून असा घड कधी आला नसेल, हेही मला माहीत आहे. पण घड भरायला अजून तीन महिने, आणि तोवर छत, माती, तोरण आणि खाली जेवणारी दोन माणसं. मी केळ कापली तर ती तुमची केळ कापल्यासारखी होईल, आणि नाना तीच ढाल पुढे करून उभे आहेत. म्हणून तुम्ही त्यांना स्पष्ट कळवा की मला घड नको, मी सोडला, काढून टाक. तुम्ही सोडलात तर त्यांना बोलायला जागा राहत नाही. बाकीच्या आठ मी बघून घेते.

सगळ्यांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
ज्योत्स्ना

ता. क. पत्र बंद करायचं राहिलं. तुम्ही कधी आलात तर हॉलमध्ये दोन लोखंडी टेकू उभे दिसतील, दचकू नका. ते मी बसवले आहेत आणि आता चिंता करण्यासारखं काही नाही. आईने त्यांनाही तोरणं बांधली आहेत. जेवणाचं टेबल मी जिन्याखाली हलवलं. नाना म्हणतात तिथे जेवताना पंगतीत बसल्यासारखं वाटतं.

ता. क. २. आज सकाळी दुसरी केळ निसवली. कठड्याजवळची, ती नववी. नाना म्हणाले, पहिली बहिणीची, दुसरी लेकीची. मी खाली जाऊन कागद काढला. हिशेब पुन्हा केला. ही केळ बरोबर बीमवर येते, तिथे छताला सगळ्यात जास्त ताकद आहे. ती काढण्याची गरज नाही. दोनदा तपासलं.

ता. क. ३. घड सोडल्याचं कळवू नका. गेले काही दिवस नाना तुमच्या घडाच्या फण्या रोज मोजतात आणि मग धुळ्याच्या बसची वेळ विचारतात. टेकू सहा महिने सहज राहतील. त्याऐवजी तुम्हीच या, आणि येताना मामांची एखादी जुनी शाल असेल तर आणा. माझ्या केळीला अजून शाल नाही आणि रात्री फार गारठा पडतो.