दगडाची मागची बाजू

मंगळवार, ता. ९

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, मनापासून आहेत असं समजू नकोस. इकडे सगळं ठीक. गुडघे धरलेत, पण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातलं काम अजून सुटलेलं नाही. दिवसभर हौदातल्या चादरी काठीने उलट्यापालट्या करायच्या. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात धुवायचा, हे नव्या पोरींना सांगून सांगून माझा घसा बसलाय. ऐकतील तर शपथ!

तुझं पत्र मिळालं. एकतीस वर्षांनी! कागद काय, अक्षर काय, वा रे वा. साहेबलोकांत राहून अक्षर तरी सुधारलं म्हणायचं.

वस्तीत आपल्या लढ्याच्या आठवणीचा दगड उभा राहतोय, हे तुझ्या कानावर गेलंच. आता त्यावर तुला तुझं नाव हवंय. त्यासाठी घरच्या माणसाची साक्ष लागते, म्हणून अक्का आठवली. मी काय सांगायचं, तेही तूच लिहून पाठवलंस. भाऊ पलटणीचा वाटाड्या होता तो वरवर, आतून आपल्याच माणसांना निरोप पोचवत होता! वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला. चादरी तशाच टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मुकादम ओरडत आला, त्यालाही दोन शब्द ऐकवले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

"मनाने मी तुमच्यातच होतो" असं लिहितोस. मन कुठे होतं ते मला नको सांगूस बाबा. तुझे पाय कुठे होते ते मी पाहिलंय. घळीच्या वरच्या खडकावर, पलटणीच्या बुटांत, साहेबाच्या शेजारी. आणि तुझा हात गुहेकडे होता.

मी खाली झऱ्यावर पाण्याला गेले होते, म्हणून वाचले. गुहेत एकोणीस माणसं होती. आपली आई होती. माझी चिमी होती. चार वर्षांची, मामा कधी येणार म्हणून सकाळपासून माझं डोकं खात होती. तू आलास तेव्हा मी करवंदीच्या जाळीत तोंडात पदर कोंबून बसले होते. तुझ्या नावाने ओरडावं असं आधी वाटलं. वाटलं, हा आपला आहे, हा थांबवेल. मग बार सुरू झाले.

त्या साहेबलोकांना आपला डोंगर खोदायचा होता, आपण खोदू दिला नाही, म्हणून त्यांनी वस्ती जाळली. ते परके होते. परक्यांचा राग करायला फार अक्कल लागत नाही. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आईच म्हणायची ना रे? तिच्याच वाट्याला आलं.

आता तू विचारशील, एवढं पाहिलंस तर इतकी वर्षं गप्प का बसलीस? वस्तीतल्या लोकांना आजवर वाटत होतं की पलटणीच्या कुत्र्यांनी वास काढला. तू वाटाड्या झालास ते सगळ्यांना ठाऊक, पण घळ तू दाखवलीस हे फक्त मला ठाऊक होतं. मी ते पोटात ठेवलं. तुझ्या मायेने नव्हे. पुढचं लिहायला मी चार कागद फाडलेत.

कुत्र्यांना नदीतच चकवलं होतं आपण. तीन दिवस पलटण दुसऱ्याच खोऱ्यात भटकत होती. तू खाली मीठ आणायला गेला होतास आणि परतला नव्हतास. मागे राहिलेल्यासाठी पुढच्याने गवताची गाठ बांधायची, गाठीचं टोक वाटेकडे ठेवायचं, हे आपल्या रक्तातलं. पण त्या वेळी जाणत्यांनी बजावलं होतं, या खेपेला कुणीही गाठ बांधायची नाही. मी बांधली. पाच ठिकाणी. माझा भाऊ उपाशी असेल, चुकेल, म्हणून लपून बांधली. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते. ती तू लहानपणापासून ओळखायचास.

तुला पकडलं, मारलं, ते मला कबूल आहे. पण ती गाठ वाचता येणारा त्या पलटणीत तू एकटा होतास. वाऱ्याने गवत मुडपलंय म्हणाला असतास, तर साहेबाच्या बापाला कळलं नसतं! बरं, एकदा भीतीने केलंस म्हणू. मग पुढे अकरा वर्षं? छातीवर बिल्ला लावून किती घळी दाखवल्यास रे?

असो. परवा सरकारी बाई शाळेच्या खोलीत साक्षी लिहून घ्यायला बसल्या. सगळी वस्ती जमिनीवर दाटीवाटीने बसली होती. माझा नंबर आला. तू लिहून पाठवलेलं पत्र मी आधी मोठ्याने वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. मग तू काय केलंस ते सांगितलं. आणि मग गाठींचं सांगितलं. तुझं सांगायचं तर माझं सांगावंच लागत होतं, त्यातून सुटका नव्हती. म्हणून तर एकतीस वर्षं तू सुखाने झोपलास. माझ्या लाजेच्या आडोशाला झोपलास तू.

थोरल्या जाऊबाईंचे दोन मुलगे त्या गुहेत होते. त्या उठल्या आणि निघून गेल्या. काल नळावर त्यांनी माझी बादली उचलून रांगेबाहेर ठेवली. मी ती तिथेच राहू दिली. सगळे गेल्यावर पाणी भरलं. आता रोज तसंच भरीन. माझं काय व्हायचं ते होवो, पण तुला सोडलं नाही, याचा मला आनंद आहे. हो, आनंदच. लिहायला लाज वाटत नाही.

काल पाथरवट विचारायला आला, नावं पक्की करायची होती म्हणून. वस्तीने बैठक घेऊन ठरवलंय. तुझी इच्छा पुरी होतेय बरं का, दगडावर तुझं नाव येणार. पुढच्या बाजूला मेलेल्यांची आणि लढलेल्यांची नावं आहेत, तिथे जागा नाही. मागची बाजू कोरी होती. तिथे वर लिहायचंय, "यांनी वाट दाखवली." खाली दोन नावं. ती सूचना माझीच. पहिलं माझं, मी थोरली म्हणून. त्याच्याखाली तुझं.

महिनाअखेर दगड बसेल. नातवंडांना घेऊन बघायला ये. वाचायला येतंच त्यांना.

गुहेतून उरलेली,
तुझी सख्खी बहीण