पट्टीसमोरचे हात

२० जानेवारी १९९१, रियाध

शाळा बंद, युद्ध चालू! अल मलाझमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सातवीच्या मुलींना घरीच बोलावलं. मी चित्रकलेची बाई, गणित थोडंच शिकवणार! कलेच्या इतिहासाचं माझं जाडजूड पुस्तक काढलं. इथे आले तेव्हा विमानतळावर तपासणीत त्यातल्या चित्रांमधल्या बायकांच्या उघड्या दंडांवर काळी शाई फासली होती. चाबूक, सूळ, तोडलेली मुंडकी — त्यांना कुणी हात लावला नाही! मुली खो खो हसल्या. ठरवलं, हाच धडा. शिक्षेची चित्रं.

२२ जानेवारी

देवळातल्या दगडी पट्टावर यमदूत. चर्चमध्ये फटके खाणारा येशू. दरबारी चित्रात हत्तीच्या पायाखाली दिलेला चोर. तस्नीम म्हणाली, "टीचर, सबके हाथ बंधे हैं।" खरंच की! इतकी वर्षं हे पुस्तक चाळतेय, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग जुन्या शाळेचं चित्र — मास्तर, छडी, मूल. दोरी कुठेच नाही. हात मुलाने आपणहून पुढे केलाय.

म्हटलं, आता तुम्हाला माहीत असलेली शिक्षा काढा.

२३ जानेवारी

सगळ्यांनी एकच बाई काढली! चष्मा, अंबाडा, लाकडी पट्टी. खालच्या मजल्यावरच्या पद्मिनीबाई — आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या मुलीने, विद्यानेसुद्धा! तिच्या चित्रात बाईंच्या मागे फळा नाही, फ्रिज आहे. म्हणजे पट्टी घरीही!

विषारी गॅसच्या हल्ल्याच्या भीतीने जी खोली टेप लावून बंद केलीय, तिच्या भिंतीवर सगळी चित्रं लावली.

२६ जानेवारी

बातमी खाली पोचलीच. बाई दारात. "पोरींना शिस्त मोडायला शिकवतेस? फाड ती चित्रं. नाहीतर शाळा उघडली की येऊ नकोस."

"नाही फाडणार." तोंडावर म्हटलं!

माझे यजमान दीनानाथ भडकले. "उद्या माझ्या कफीलपर्यंत, मालकापर्यंत गेलं तर? माझा इकामा आहे म्हणून आपण इथे आहोत!" असेल. त्यांच्या इकाम्यावर, निवास-परवान्यावर राहते, म्हणून जीभ गहाण टाकलेली नाही.

२८ जानेवारी

संध्याकाळी सायरन. बाईंच्या खोलीची टेप सुटलेली, विद्याला घेऊन धावत वर आल्या. या म्हटलं. नाकाला ओला टॉवेल धरून स्वतःच्याच चित्रांसमोर बसल्या. फ्रिजवालं चित्र बराच वेळ बघत होत्या. विद्या शेजारी ताठ. जाताना पुटपुटल्या, "माझी आई तर सांडशी उचलायची."

विरघळल्या, असं वाटलं मला.

९ मार्च

विरघळतात कसल्या! युद्ध संपलं, शाळा उघडली आणि मला गेटवरूनच परत पाठवलं. खलास. घरी येऊन एकही चित्र काढलं नाही भिंतीवरून.

दुपारी तस्नीम धापा टाकत आली. "मॅडमने पट्टी उठाई, बोलीं, हाथ आगे! सबसे पहले विद्याने हाथ पीछे कर लिए।"

मग सगळ्या वर्गाने.