सहनशीलतेवरची साक्ष

३ नोव्हेंबर, सोमवार
यांना भरवायला आज सव्वा तास! पेजेचे सहा चमचे. त्यातले दोन माझ्या ड्रेसवर. कमलाकर तोंड घट्ट मिटून बसतात. डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण समज शाबूत आहे. मग तोंड का उघडत नाहीत? सात महिने हेच. शाळेत पुन्हा उशीर. मुख्याध्यापकांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं.

५ नोव्हेंबर
चर्चच्या पाळकबाईंचा फोन. "नीताताई, रविवारी महिलांच्या उपासनेत तुम्ही साक्ष द्या, उभं राहून तुमचा अनुभव सांगा. सहनशीलतेवर. तुमच्याकडे बघूनच तर शिकतो आम्ही." हो म्हटलं. मला नाही म्हणताच येत नाही – माणसांनाही, देवालाही.

७ नोव्हेंबर
लिहू की नको – आज मी यांना मारलं.

डाव्या हाताने चमचा उडवला त्यांनी. पेज भिंतीवर, उशीवर. आणि माझा हात उठला. गालावर. ते रडले नाहीत. बघत राहिले फक्त. कमळाबाई दारातच उभी – सुकापूरहून येते, रोज सकाळी यांना आंघोळ घालायला. म्हणाली, "मॅडम, त्यांना सगलं समजतं हाय. तुमी जरा भायेर बसा." बाथरूममध्ये नळ सोडून रडले. प्रार्थना सुचेना. नुसतं प्रभू, प्रभू, प्रभू.

८ नोव्हेंबर
देवेशला पुण्याला फोन केला. "आई, नाताळला येतोच आहे ना मी. तू स्ट्राँग आहेस गं." पोटच्या पोरालाही सांगू शकले नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
साक्ष लिहून नेली होती. छान लिहिली होती! उभी राहिले आणि कागद वाचवेना. म्हटलं, "शुक्रवारी मी माझ्या आजारी नवऱ्याला मारलं. माझ्यात सहनशीलता नाही. देव देतो म्हणतात, मला मिळालेली नाही."

मग पाळकबाई, "आपण नीताताईंना प्रार्थनेत ठेवू या." लगेच गीत सुरू.

बाहेर चपला घालताना कुणी जवळ आलं नाही. एकट्या गंगाबाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या. कानाशी वाकून म्हणाल्या, "मीपण मारायचे गं सासूला. आजवर कुणाला बोलले नाही."

१३ नोव्हेंबर
अर्धी रजा टाकून जासईला, तिथलं सेवागृह बघायला गेले. कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये रिक्षा तासभर अडकली. अंथरुणाला खिळलेल्यांना कायमचं ठेवून घेतात तिथे. स्वच्छ आहे. तिथली बाई म्हणाली, "भरवायला आमच्या तिघी असतात, आळीपाळीने." तिघी! मला तिथेच रडू फुटलं.

फॉर्म आणला. कपाटात, साड्यांखाली ठेवला. बाल्कनीत जाऊन देवेशला फोनवर जासईचं सांगितलं. "बाबांना तिकडे टाकणार?" 'टाकणार' हाच शब्द वापरला त्याने. यांना सांगायची हिंमत नाही. आणि घरी ठेवायचीही नाही.

१८ नोव्हेंबर
वाचा शिकवणारी मुलगी आली, मनस्वी. अक्षरांचा तक्ता आणलाय. यांनी डाव्या बोटाने अक्षर दाखवायचं, आपण जुळवायचं. "काकू, अंदाज नाही लावायचा हं. त्यांचं पूर्ण होईपर्यंत थांबायचं."

ती गेल्यावर करून बघितलं. बोट थरथरत 'प' वर. मी लगेच, "पाणी?" त्यांनी डोळे मिटून घेतले. संपलं! एवढंसुद्धा थांबता येत नाही मला.

२० नोव्हेंबर
आज मधे बोलले नाही. पाऊण तास.

ज. मग काना. जा! इतकं लागलं की उठणारच होते. कशी कोण जाणे, बसून राहिले. मग स. मग ई. जासई.

"तुम्ही ऐकलंत? बाल्कनीतलं?" मान हलली.

बोट पुन्हा तक्त्यावर. 'ने मला.' थांबले. धाप लागली होती त्यांना. मग, किती वेळाने – 'तू झोप.'