पान चाळीसवरचा खुनी

३ मार्च
लायब्ररीतून नवी रहस्यकादंबरी आणली. चाळीस पानं झाली. खुनी माळी. समासात पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं. पुढच्या वाचकाचा वेळ वाचावा, एवढाच हेतू. बावीस वर्षं विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासतोय. लबाड माणूस मला लांबूनच कळतो.

५ मार्च
संपली. खुनी म्हणे भाची. माळ्याला धरून गोष्ट सरळ चालली होती. शेवटच्या दोन पानांत लेखक घाबरला आणि खून भाचीच्या माथी मारून मोकळा झाला. अभिप्राय: सुरुवात झकास, शेवट बेजबाबदार.

९ मार्च, दुपारी, ऑफिसात
पाणबुडीवरची थरारकथा. ड्रॉवरमध्ये उघडी ठेवून वाचतोय. घातपात करणारा स्वयंपाकी. नको इतकं गोड बोलतो. समासात नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या. साहेबांनी विचारलं, फाइल कुठे अडली. तपास चालू आहे म्हणालो.

१० मार्च
पान नव्वदला स्वयंपाकी मेला. पाठीत सुरा. पश्चात्तापाने आत्महत्या केली असणार. लेखकाच्या हे लक्षातच आलेलं नाही.

१४ मार्च
भुताची कादंबरी. भूतबीत काही नाही, मामा चादर पांघरून फिरतो. लिहिलं.
रात्री आठ: भूत खरंच निघालं. हल्लीचे लेखक कशावरही विश्वास ठेवतात.

१७ मार्च
ग्रंथपाल बाईंची चिठ्ठी. समासातल्या लिखाणाबाबत शनिवारी भेटा. पुस्तकात लिहिल्यास सभासदत्व रद्द, अशी पाटीच आहे तिथे. लायब्ररी गेली तर संध्याकाळी मी करणार काय? आजपासून पेन्सिल बंद.

१८ मार्च
पेन्सिल बंद. नव्या पुस्तकात खुनी मेव्हणा, पण लिहिलं नाही. नुसता ठिपका दिला. मग ठिपक्याचा अर्थ कळायला हवा म्हणून नाव.

२१ मार्च, शनिवार
सभासदत्व शाबूत! उलट अकरा वाचकांनी सह्या करून अर्ज दिलाय, नवी रहस्यकादंबरी आधी मलाच मिळावी म्हणून. ऊर भरून आला. विनयाने कारण विचारलं. विचारायला नको होतं.
बाई म्हणाल्या, "तुम्ही ज्याचं नाव लिहिता तो निर्दोष, असं सगळे धरून चालतात. एक संशयित आयताच कमी होतो."
वर म्हणाल्या, अक्षर जरा सुवाच्य काढा.

२२ मार्च
फार लागलं. तरी दुपारी नवी कादंबरी उघडली. बायको आणि मी आळीपाळीने वाचतोय. या वेळी घाई केली नाही. पुरावे वहीत उतरवले, वेळा जुळवून पाहिल्या, पान साठपर्यंत दम धरला. खुनी डॉक्टर. शंकाच नाही.
बायकोने विचारलं, कोण? सांगितलं.
"बरं झालं," ती म्हणाली. "मला तो आवडायला लागला होता."