बाबांच्या पुस्तकाचा फाँट

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. कॅरी, अमेरिका.
माझे सासरे, म्हणजे वीणाचे बाबा, काल वर्ध्याहून आले. सामानात मेतकूट, कुरडया आणि एक पेन ड्राइव्ह. त्यात त्यांचं आत्मचरित्र आहे. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कालव्यांवर काढली, निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप करत शहाण्णव पानं लिहिली. फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचं भरताड. बाबांचा चेहरा उतरला. मी हसलो. बावीस वर्षं आयटीत आहे.

त्यांना समजावलं: जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना नुसते मराठी कपडे घालतो. कपडे वर्ध्याच्या कॉम्प्युटरवर राहिले. आता सगळं युनिकोडमध्ये आणायचं, म्हणजे अक्षर कुठेही गेलं तरी मराठीच. १९ ऑक्टोबरला त्यांची पंचाहत्तरी, समारंभाला आमच्या कॉलनीचं क्लबहाऊस बुक आहे. तेव्हा चाळीस छापील प्रती हातात देणार, असा शब्द दिला. बाबा म्हणाले, छापण्याआधी तुम्ही एकदा वाचा. अर्थातच वाचणार.

२२ सप्टेंबर, रविवार.
जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर स्वतः लिहिणार. नाव ठरलं. लोगो झाला. कोड पुढच्या वीकेंडला.

२८ सप्टेंबर, शनिवार.
कोड नाही. लॉन कापायचं होतं.

२९ सप्टेंबर, रविवार.
वीणाने फाइल एका फुकट वेबसाइटवर टाकली. चार मिनिटांत मराठी. कल्पना मुळात माझीच.

६ ऑक्टोबर, रविवार.
वीणाने आठवडाभर ऑफिसमधून आल्यावर बसून सगळी पानं तपासली. म्हणाली, निदान शेवटचं पान तरी वाच. मी सांगितलं, वाचणं म्हणजे टेस्टिंग, मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. ती भाजी चिरायला गेली.

१० ऑक्टोबर, गुरुवार.
पुस्तकाला माझा हात लागणं गरजेचं होतं. वीणाने ठेवलेला फाँट फारच सरकारी. सबंध फाइलला एक देखणा फाँट लावला, इंग्रजी मासिकांत असतो तसा. त्यात मराठी अक्षरं आहेत का, असं तिने विचारलं. समोर स्क्रीनवर मराठी दिसतंय, आणखी काय पुरावा पाहिजे? पीडीएफ करून पाठव, म्हणजे अक्षरं फाइलसोबतच जातील, असंही म्हणाली. काही लोकांना उगाच भीती वाटते. फाइल तशीच प्रिंट शॉपला पाठवली.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
प्रिंट शॉपमधल्या डेबीचा फोन. घाबरत विचारत होती, सगळी अक्षरं सारखीच चौकोनी दिसतायत, हे असंच हवंय का. मला तिची दया आली. परकी लिपी म्हटल्यावर अक्षरं सारखीच वाटणार. न दुखावता सांगितलं की आमच्याकडे वर रेघ असते, त्यामुळे जरा चौकोनी वाटतं. मग दहा मिनिटं बाराखडी समजावली. एका पानाचा फोटो पाठवते म्हणाली. मी म्हटलं, गरज नाही, जस्ट प्रिंट इट. आज एका अमेरिकन बाईला मराठीची ओळख करून दिली. बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार.
सकाळी प्रती आणल्या. प्रत्येकीला रिबन. उघडून पाहिलं नाही, रिबन बिघडली असती.

दुपारी चारला इथल्या मराठी मंडळाच्या सुमेधाकाकूंनी रिबन सोडून पुस्तक बाबांच्या हातात दिलं. आत चौकोन. शहाण्णव पानं रिकामे चौकोन, मधूनमधून स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हं तेवढी शाबूत. देखण्या फाँटमध्ये मराठी नव्हतंच. माझा लॅपटॉप ती अक्षरं दुसऱ्या फाँटमधून गुपचूप उसनी घेत होता, दुकानातल्या मशीनला उसनं द्यायला कोणी नव्हतं. हे मी लोकांना शांतपणे समजावलं. कोणी ऐकत नव्हतं. वीणा माझ्याकडे बघतही नव्हती.

बाबांनी चष्मा लावला आणि चौकोनांवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. फुटलेला कालवा, रात्रपाळीचे मजूर, वीणाचा जन्म. पाऊण तास, निवडक पानं, एकदाही न अडखळता, वेळेवर पान उलटत. सुमेधाकाकू रडल्या. मलाही भरून आलं. म्हणजे पुस्तक वाचता येत होतं, असंही म्हणता येईल.

शेवटचं पान मात्र त्यांनी न वाचताच मिटलं. मी विचारलं, हे का सोडलं.

"ते तुमच्याबद्दल आहे, प्रतापराव," बाबा म्हणाले. "तुम्ही वाचलं असेलच."

मी हो म्हणालो.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.
बाबा फिरायला गेल्यावर लॅपटॉपवर फाइल उघडली. थेट शेवटचं पान. वर तारीख आमच्या लग्नाच्या आठवड्यातली आहे.

'जावई हुशार मिळाला. पण हा मुलगा माझ्या वीणाचं बोलणं पुरतं ऐकून घेईल का? उत्तर कळलं की पुढचं लिहीन.'

त्याखाली पान कोरं. लग्नाला पंधरा वर्षं झाली. फाँट बदलून तीनदा पाहिलं. कोरंच आहे.