ठेवणीतली अँटिबॉडी

२ जानेवारी
संकल्प: थीसिस याच वर्षी. याच वर्षी म्हणजे ३१ मार्चच्या आत. मागच्या दोन वर्षांचे संकल्प धरू नयेत, तेव्हा परिस्थिती वेगळी होती.
बायकोला दुसऱ्या शहरातल्या ब्रँचचं मॅनेजरपद देऊ केलंय. याआधी दोनदा तिने माझ्यापायी नाही म्हटलं. या खेपेला १५ मार्चपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, निश्चिंत राहा, सोबतच जाऊ. तिने ऑफरचं पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. विश्वास बसला असावा.

५ जानेवारी
फ्रीजर उघडला. माझ्या अँटिबॉडीची एकच ट्यूब उरलीये, तीही पाऊणच भरलेली. कंपनीने ती बनवणंच बंद केलंय. सगळा थीसिस या थेंबभर पाण्यावर उभा आहे.
सासऱ्यांनी फोनवर विचारलं, नक्की करता काय. समजावलं: पेशीच्या केंद्रकाला दारं असतात. त्यातून माल आत नेणारं एक प्रोटीन असतं, हमालच म्हणा. माझी अँटिबॉडी नेमकी त्या हमालाला चिकटते. मग दुसरी, साधी अँटिबॉडी पहिलीला चिकटते आणि चमकते. मायक्रोस्कोपखाली केंद्रकाभोवती हिरवं कडं दिसतं. सासरे म्हणाले, बरं, हमाल दिसला, पुढे काय. बँकेतून रिटायर झालेत. मूलभूत संशोधन त्यांना कळायचं नाही.

१२ जानेवारी
काटकसर सुरू. आजवर शंभर पट पातळ करायचो, आज पाचशे पट केली. कडं तसंच झळझळीत. काय गुणाची अँटिबॉडी आहे.
ताई (लॅब टेक्निशियन, बावीस वर्षं याच खोलीत) म्हणाल्या, एक स्लाइड पहिली अँटिबॉडी न घालता करून बघा ना. म्हटलं, करू. घातलीच नाही तर दिसणार काय, काळोख. काळोखाचे फोटो काढायला मला वेळ नाही.

३० जानेवारी
दोन हजार पट. कडं तसूभरही फिकं नाही. सरांना (माझे गाईड) दाखवलं. सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, छान, पण कंट्रोल कुठाय, पहिली अँटिबॉडी न घातलेली स्लाइड. म्हटलं, चालू आहे. खोटं नव्हे. मनात चालू आहे.
ठरलं: उद्यापासून सकाळी सहाला उठून रोज दोन पानं लिहायची.

३१ जानेवारी
साडेआठला जाग आली.

१७ फेब्रुवारी
दहा हजार पट! स्लाइडवर आता अँटिबॉडी नावापुरती, तरी कडं जसंच्या तसं. ताईंना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बीकर धुवायला गेल्या. कौतुक असावं. या गतीने ट्यूब मला रिटायर होईपर्यंत पुरेल.
घरी बायकोने रिकामी खोकी आणून ठेवलीत. विचारलं, माझी पुस्तकं कशात भरायची. म्हणाली, तुझं ठरलं की सांग.

२ मार्च
सरांनी स्पष्टच सांगितलं, कंट्रोलशिवाय सही मिळणार नाही. नियमावर बोट ठेवणारा माणूस. कंट्रोलला मी घाबरत नाही. फक्त सहा वेळा पुढे ढकललाय.

९ मार्च, सकाळी ११
दोन स्लाइड लावल्या. एकीवर ठेवणीतली अँटिबॉडी. दुसरीवर ती नाहीच, नुसतं बफर, म्हणजे मिठाचं पाणी. पुढे दोन्हींवर दुसरी, चमकणारी अँटिबॉडी, सगळं सारखं.

दुपारी ४
दोन्हींत कडं. माझ्याकडून लेबलांची अदलाबदल झाली असणार. पण मग एकीत तरी काळोख हवा होता.

१० मार्च
पुन्हा केलं. लेबलं ताईंनी लावली. दोन्हींत कडं, तेवढंच हिरवं.
म्हणजे चमकत होती ती दुसरीच. साधी, फ्रिजमध्ये हवी तेवढी पडून असलेली. ती पहिलीसाठी थांबतच नव्हती, आपली आपण केंद्रकाभोवती चिकटत होती. चार वर्षं मी तिचेच फोटो काढले. हमाल मला एकदाही दिसलेला नाही.
ताई म्हणाल्या, आधी चहा घ्या.

११ मार्च
सरांना सांगायला गेलो. सर मीटिंगमध्ये होते. हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटली.

१२ मार्च
सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, हे जानेवारीत कळलं असतं तर. मी म्हटलं, हो.

१५ मार्च
बायको कधी विचारते याची दिवसभर वाट पाहिली. नाही विचारलं. शेवटी संध्याकाळी मीच सगळं सांगितलं, आणि म्हटलं, माझ्यासाठी थांबू नकोस, आज होकार कळव. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, होकार तिने ३ जानेवारीलाच कळवलाय.
खोक्यांना टेप लावू लागलो. रडू आलं ते टेपच्या आवाजात खपून गेलं.
ट्यूब अजून पाऊण भरलेली आहे. जपून वापरली होती.