घुबडाचे कान आणि माझे

३ मार्च
लेकीने प्रयोगशाळेतून यंत्र घरी आणले. घुबडाच्या कानांवरून बेतलेले. दोन माइक, एक जरा वर, एक खाली. आवाज आधी कुठे पोचला यावरून तो आला त्या दिशेचा दिवा लावते. घुबड! शाळेच्या कवितांत कोकिळा होती, चातक होता. घुबडाला कुणी ओळभर जागा दिली नाही. कारण असणारच.
तुलनेला माणसाचे कान हवेत म्हणाली. मी तयार. जावई घाईने म्हणाला, बाबा, तुम्ही राहू द्या. का बरे?

४ मार्च, सकाळी ११
डोळ्यांवर पट्टी, खोलीभर आठ स्पीकर. टिक झाले की बोट दाखवायचे. यंत्र विसांपैकी एकोणीस, मी सात. उजवीकडचे स्पीकर बंदच ठेवले होते, मी ओळखले. तसे सांगितल्यावर लेक नुसती ‘हं’ म्हणाली. तेही डावीकडून.

५ मार्च
संकल्प : उद्या विसांपैकी वीस. डोळे मिटून भिंतीवरचे घड्याळ शोधले. सापडले. (जागा ठाऊक होती, तरी.) मग चार जुन्या कविता खड्या आवाजात. जावयाने दार लावून घेतले. तिकडे काहीतरी शिजतेय.

६ मार्च
पट्टी सैल बांधून घेतली. खालून जावयाचे पाय दिसत होते. तो उभा राहील तिथे बोट. विसांपैकी दोन! स्पीकर म्हणे लेक आतून कॉम्प्युटरवरून लावते. हा नुसता चहा पीत फिरत होता. मुद्दाम.

८ मार्च
लेक म्हणाली, तुमचे आकडे वगळावे लागतील, पण आधी कान दाखवू. यंत्राची अब्रू झाकायची, दुसरे काय! तिचे मन राखायला गेलो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा कान पार गेलाय, पंचवीसेक वर्षे तरी झाली असतील. मी म्हणालो, अशक्य, घरात कुणीतरी बोलले असते.

बाहेर आल्यावर लेकीने सांगितले. तिच्या आईने तिला लहानपणीच बजावले होते : बाबांच्या डावीकडून चालायचे, आणि त्यांना कळू द्यायचे नाही, कविता म्हणायचे थांबतील. लग्न ठरल्यावर जावयालाही सांगून झाले होते.
मी विचारले, मग उजवीकडून कुणी बोलायचेच नाही?
म्हणाली, आई बोलायची ना. तुमच्यावर चिडली की उजवीकडे जाऊन बसायची, सगळे बोलून मोकळी व्हायची.
घरी येऊन पलंगावर बसलो. पंख्याचा वारा लागतो म्हणून हिने एकदा बाजू बदलून घेतली होती. मग शेवटपर्यंत माझ्या उजवीकडेच झोपली.